ग्रबचा बूट मेनू: बदल कुठे करावा आणि कुठे करू नये

ज्या संगणकावर लिनक्स आणि विंडोज या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम एकत्र नांदतात, तो चालू केल्यावर पडद्यावर काही सेकंद चार-पाच ओळींची एक यादी दिसते: वर 'उबुंटू', त्याखाली 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'विंडोज बूट मॅनेजर' आणि शेवटी फर्मवेअरच्या (मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंगांत नेणारी ओळ. हाच बूट मेनू, आणि तो दाखवतो ग्रब, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम चालू करून देणारा प्रोग्रॅम (बूटलोडर). त्याच्याविषयीच्या तक्रारी ठरलेल्या असतात. घरातील इतर मंडळींना विंडोज हवे असते आणि ते तिसऱ्या ओळीवर असते. ज्याला केवळ लिनक्स वापरायचे असते त्याची दहा सेकंदे रोज फुकट जातात. कुणाच्या संगणकावर मेनू मुळी उमटतच नाही, तर कुणाच्या मेनूतून एखाद्या अपडेटनंतर विंडोजची ओळच गायब होते. या सर्वांवर उपाय आहेत आणि त्यांपैकी बहुतेक एका ओळीचे आहेत. मात्र ती ओळ कोणत्या फाइलीत लिहायची हे कळले नाही, तर केलेला बदल कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पुढच्या अपडेटला पुसला जातो आणि क्वचित संगणक चालू होणेच थांबते. म्हणून आधी हा मेनू येतो कोठून, ते पाहू.

पुढे फाइलींची, कमांडींची आणि सेटिंगांची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत असतात, सेटिंगांची नावे मोठ्या अक्षरांत व अंडरस्कोरने जोडलेली असतात आणि आकडेही इंग्रजी असतात. फाइल उघडताच ती ओळखू येतात, कारण त्यांतली बरीचशी तिथे आधीच लिहून ठेवलेली असतात.

मेनूच्या आधीचा दरवाजा

बटण दाबल्यावर सर्वांत आधी जागे होते ते मदरबोर्डवरील फर्मवेअर. जुन्या बायोस पद्धतीत हे फर्मवेअर डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर वाचत असे. त्यातील ६४ बाइट पार्टिशनच्या (डिस्कच्या विभागांच्या) तक्त्यासाठी आणि २ बाइट खुणेसाठी गेल्यावर प्रोग्रॅमसाठी जेमतेम ४४६ बाइट उरत. एवढ्याशा जागेत मेनू मावणे शक्य नव्हते, म्हणून तो छोटा तुकडा डिस्कवरील पुढचा मोठा तुकडा उचलून आणण्यापुरताच असे. आजच्या यूईएफआय पद्धतीत डिस्कवर फॅट प्रकारचे एक लहान पार्टिशन (ईएफआय पार्टिशन) असते, त्यात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचे स्वतंत्र फोल्डर असते आणि कोणाला आधी संधी द्यायची, हा क्रम मदरबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत नोंदलेला असतो. उबुंटूचा क्रमांक पहिला असेल तर फर्मवेअर प्रथम 'शिम' नावाचा छोटा, सही असलेला प्रोग्रॅम चालवते, शिम ग्रबला बोलावतो आणि मग ग्रब आपला मेनू दाखवतो.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, ग्रबचा मेनू हा दुसरा दरवाजा आहे. संगणक मेनू न दाखवता थेट विंडोजमध्ये जात असेल, तर ग्रबच्या फाइलींत कितीही बदल केले तरी उपयोग होणार नाही, कारण ग्रबपर्यंत पाळीच येत नाही. अशा वेळी फर्मवेअरच्या सेटिंगांत जाऊन क्रम बदलावा, किंवा लिनक्समधून 'ईएफआयबूटएमजीआर' ही कमांड चालवावी. नुसती चालवली तर ती सध्याच्या नोंदी आणि त्यांचा क्रम दाखवते. 'ओ' हा पर्याय देऊन पुढे नोंदींचे क्रमांक स्वल्पविरामाने लिहिले की नवा क्रम कायम होतो. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर 'लिनक्स उडाले' अशी जी हाकाटी होते, तिच्यातील पुष्कळ प्रकरणांत लिनक्स जागच्या जागी असते; फक्त हा क्रम बदललेला असतो.

ग्रब म्हणजे 'ग्रँड युनिफाइड बूटलोडर'. एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये ग्नू हर्ड हा कर्नल चालू करण्यासाठी त्याची सुरुवात केली. त्या काळी लिनक्सवर 'लायलो' वापरात होता. कर्नल डिस्कच्या नेमक्या कोणत्या जागी ठेवला आहे, याची नोंद लायलो आधीच करून ठेवत असे, त्यामुळे कर्नल बदलला आणि लायलोची कमांड पुन्हा चालवायची राहिली की संगणक अडकत असे. ग्रब फाइल सिस्टिम स्वतः वाचू शकतो, म्हणून त्याला फाइलीचे नाव पुरते. पुढे योशिनोरी ओकुजी यांच्या 'पूपा' या प्रयोगातून ग्रब २ उभा राहिला. उबुंटूने ऑक्टोबर २००९ च्या ९.१० आवृत्तीपासून तो स्वीकारला, तर २.०० ही आवृत्ती २०१२ मध्ये आली. जुन्या ग्रबची मेनूची फाइल साधी होती आणि ती हातानेच लिहीत असत. ग्रब २ मध्ये ती फाइल म्हणजे अटी, फंक्शने आणि चल असलेला एक छोटा प्रोग्रॅमच झाली. इंटरनेटवरील जुने सल्ले आज फसतात त्याचे मुख्य कारण हा बदल आहे.

उतारा आणि दप्तर

ग्रब प्रत्यक्ष जी फाइल वाचून मेनू दाखवतो ती 'बूट' फोल्डरातील 'ग्रब' या उपफोल्डरात असते आणि तिचे नाव 'ग्रब.सीएफजी'. नवख्या माणसाचा हात प्रथम तिच्याकडेच जातो, कारण मेनूतील सर्व ओळी तिथे डोळ्यांसमोर दिसतात. परंतु तिच्या अगदी डोक्यावरच 'ही फाइल संपादित करू नका' अशी सूचना छापलेली असते आणि ती गांभीर्याने घ्यावी. ही फाइल कुणी लिहिलेली नसते, ती तयार केली जाते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पेनाने खाडाखोड केली म्हणून तलाठ्याच्या दप्तरातील नोंद बदलत नाही, त्यासाठी फेरफार दप्तरातच व्हावा लागतो, 'ग्रब.सीएफजी' हा असाच उतारा आहे आणि नवा कर्नल आला की तो नव्याने काढला जातो.

दप्तर दोन ठिकाणी आहे. 'ईटीसी' फोल्डरात 'डिफॉल्ट' नावाचे उपफोल्डर आहे आणि त्यात 'ग्रब' नावाची एक छोटी फाइल आहे. मेनू किती वेळ दिसावा, कोणती ओळ आपोआप निवडली जावी, कर्नलला कोणत्या सूचना द्याव्यात, अशी सर्वसाधारण सेटिंगे तिच्यात राहतात. दुसरे ठिकाण म्हणजे 'ईटीसी' मधीलच 'ग्रब.डी' हे फोल्डर. त्यात आकड्यांनी सुरू होणाऱ्या नावांच्या स्क्रिप्ट असतात: '००_हेडर', '१०_लिनक्स', '३०_ओएस-प्रोबर', '४०_कस्टम' वगैरे. मेनू तयार करणारी कमांड या स्क्रिप्ट नावाच्या क्रमाने एकामागून एक चालवते आणि प्रत्येकीने जे छापले ते एकाखाली एक जोडून 'ग्रब.सीएफजी' बनवते. मेनूत लिनक्स वर आणि विंडोज खाली का असते, याचे उत्तर इतके साधे आहे: १० हा आकडा ३० च्या आधी येतो. या स्क्रिप्टपैकी एखादी चालू नये असे वाटले तर ती पुसण्याची गरज नाही. 'सीएचमॉड' कमांडने तिची चालण्याची परवानगी काढून घेतली की ती वगळली जाते, आणि परवानगी परत दिली की तिच्या ओळी परत येतात.

डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट आणि सी-डॅकची बॉस या कुटुंबात उतारा नव्याने काढण्याची कमांड आहे 'सुडो अपडेट-ग्रब' ('सुडो' म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालवा). तिच्या पोटात खरे काम 'ग्रब-एमकेकॉन्फिग' ही कमांड करते. तिचे दोन गुण फारसे कुणी सांगत नाही, पण ते जाणून घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, ती कोणतेही फाइलनाव न देता चालवली तर होऊ घातलेला मेनू फक्त पडद्यावर छापते आणि डिस्कवर काहीही लिहीत नाही, म्हणजे बदल लागू करण्यापूर्वी तो निवांत वाचून पाहता येतो. दुसरा असा की, ती नवी फाइल आधी '.न्यू' हा प्रत्यय लावून बाजूला लिहिते, तिचे व्याकरण तपासते आणि त्यात चूक आढळली तर जुन्या फाइलीला हात न लावता तिथेच थांबते. 'ग्रब.सीएफजी' थेट संपादित करणारा माणूस हे संरक्षण स्वतःहून सोडून देत असतो.

रोज उपयोगी पडणारी सेटिंगे

'डिफॉल्ट' मधील 'ग्रब' फाइल सुडोसह कोणत्याही साध्या एडिटरमध्ये उघडावी, त्याआधी तिची एक प्रत काढून ठेवावी. 'ग्रब_टाइमआउट' पुढे लिहिलेला आकडा म्हणजे मेनू किती सेकंद थांबेल. ० लिहिले तर तो थांबत नाही, आणि उणे १ लिहिले तर कुणी एंटर दाबेपर्यंत थांबून राहतो. त्याच्या जोडीला 'ग्रब_टाइमआउट_स्टाइल' असते: 'मेनू' लिहिले तर यादी दिसते, 'हिडन' लिहिले तर तेवढा वेळ पडदा कोरा राहतो आणि 'काउंटडाउन' लिहिले तर उरलेली सेकंदे मोजली जातात. माझ्या मते पाच सेकंदे योग्य होत. बाहेरचा मॉनिटर जागा व्हायलाच दोन-तीन सेकंदे घेतो, हे ध्यानात न घेता अनेक जण आकडा इतका कमी करतात की मेनू दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

इथे उबुंटूची एक खोड सांगितली पाहिजे. फाइलीत टाइमआउट ० आणि स्टाइल 'हिडन' असे लिहिलेले असते, तरी विंडोज असलेल्या संगणकावर मेनू चक्क दहा सेकंद दिसतो, आणि वापरकर्ता आपले सेटिंग का पाळले जात नाही म्हणून डोके खाजवतो. सेटिंग वाचले गेलेले असते. पण '३०_ओएस-प्रोबर' या स्क्रिप्टला दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम सापडली, की शून्य सेकंदांत निवड करणे अशक्य आहे असे मानून ती स्वतःच मेनू दृश्य करते आणि वेळ १० वर नेते. उपाय म्हणून ० ऐवजी १ किंवा २ लिहावे आणि स्टाइल 'मेनू' ठेवावी. याच्या भावंडासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे मागील वेळी चालू होता होता वीज गेली असेल, तर उबुंटूचा ग्रब ती अपयशाची नोंद वाचतो आणि पुढच्या वेळी मेनू ३० सेकंद धरून ठेवतो. हा कालावधी 'ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट' या सेटिंगाने बदलता येतो. ते फाइलीत आधी नसते, आपण नवी ओळ घालावी लागते.

कोणती ओळ आपोआप निवडली जाईल ते 'ग्रब_डिफॉल्ट' ठरवते. येथे मोजणी शून्यापासून होते, म्हणजे ० ही पहिली ओळ आणि २ ही तिसरी. आकडा लिहिणे सोपे असले तरी त्यावर विसंबणे बरे नव्हे, कारण मेनूत वर एखादी ओळ वाढली की तोच आकडा भलत्याच ओळीवर बोट ठेवतो. त्याऐवजी ओळीचे संपूर्ण नाव अवतरणचिन्हांत लिहिता येते, परंतु विंडोजच्या ओळीच्या नावात पार्टिशनचे नावही असते आणि डिस्कांची जुळवणी बदलली तर तेही बदलते. सर्वांत टिकाऊ मार्ग म्हणजे ओळीची ओळखखूण. 'ग्रब.सीएफजी' फाइल वाचण्यासाठी उघडली तर विंडोजच्या 'मेनूएंट्री' ओळीच्या शेवटी 'ओएसप्रोबर-ईएफआय' ने सुरू होणारी आणि पार्टिशनच्या यूयूआयडीने (त्याच्या एकमेव ओळख-क्रमांकाने) संपणारी एक खूण दिसते. ती जशीच्या तशी 'ग्रब_डिफॉल्ट' पुढे लिहावी. जुना कर्नल निवडायचा असेल तर तो 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' या उपमेनूच्या आत असतो, आणि तेथवर पोहोचण्यासाठी उपमेनू व ओळ यांच्यामध्ये 'पेक्षा मोठे' हे गणिती चिन्ह देतात: '१>२' म्हणजे दुसऱ्या ओळीच्या उपमेनूतील तिसरी ओळ.

ज्या घरात कधी हे तर कधी ते लागते, तिथे 'ग्रब_डिफॉल्ट' पुढे 'सेव्ह्ड' लिहून 'ग्रब_सेव्हडिफॉल्ट' पुढे 'ट्रू' लिहावे. मग मागच्या वेळी जे निवडले तेच पुढच्या वेळी आपोआप निवडले जाते. ही आठवण १,०२४ बाइटांच्या 'ग्रबईएनव्ही' या फाइलीत राहते. ग्रबला एलव्हीएम किंवा सॉफ्टवेअर रेडवर (अनेक डिस्क वा पार्टिशने एकत्र वापरण्याच्या पद्धतींवर) वाचता येते, पण लिहिता येत नाही. तेव्हा 'बूट' फोल्डर अशा ठिकाणी असेल तर ही सोय चालणार नाही. 'सेव्ह्ड' लिहिल्याचा दुसरा लाभ म्हणजे 'ग्रब-रीबूट' ही कमांड. तिच्यापुढे ओळीचे नाव किंवा खूण दिली की केवळ पुढच्या एका वेळेपुरती ती ओळ निवडली जाते आणि त्यानंतर सारे पूर्ववत होते. ज्या संगणकाजवळ आपण बसलेलो नाही, त्यावर नवा कर्नल आजमावून पाहायचा असेल तर यासारखा दुसरा सुरक्षित मार्ग नाही.

विंडोजची ओळ गायब होण्यामागचे कारण बहुधा २.०६ ही जून २०२१ मध्ये आलेली आवृत्ती असते. 'ओएस-प्रोबर' हा प्रोग्रॅम संगणकावरील प्रत्येक पार्टिशन उघडून आत कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे ते शोधतो, आणि अनोळखी पार्टिशन प्रशासकाच्या अधिकाराने उघडणे धोक्याचे आहे, म्हणून या आवृत्तीपासून ग्रबने ही शोधाशोध मुळात बंद ठेवली. 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर' पुढे 'फॉल्स' लिहून 'सुडो अपडेट-ग्रब' चालवले की विंडोजची ओळ परत येते. नकाराला नकार दिल्याने होकार होतो, असा हा प्रकार आहे. घाईत येथे 'ट्रू' लिहिणारे पुष्कळ भेटतात. फाइलीत ही ओळ आधीच असेल तर तिच्यापुढील हॅशचे चिन्हही काढावे लागते.

'ई' हे अक्षर

कायमचा बदल करण्यापूर्वी तो एकदा करून पाहण्याची सोय ग्रबमध्येच आहे, आणि ती मला या साऱ्या यंत्रणेतील सर्वांत मोलाची वाटते. मेनूतील ओळीवर उभे राहून 'ई' हे अक्षर दाबले की त्या ओळीमागील मजकूर उघडतो. पहिल्या काही ओळी तयारीच्या असतात: 'इन्समॉड' म्हणजे एखादा भाग आत घ्या, त्यापुढे 'पार्ट_जीपीटी' आणि 'ईएक्सटी२' अशी नावे असतात. डिस्क ईएक्सटी४ असूनही इथे ईएक्सटी२ दिसते म्हणून दचकू नये, तोच भाग तिन्ही पिढ्या वाचतो. नंतर 'सर्च' ने सुरू होणारी ओळ यूयूआयडीवरून योग्य पार्टिशन शोधते. त्याखालची 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ आपल्या कामाची: तिच्यात कर्नलच्या फाइलीचा पत्ता, मूळ पार्टिशनचा यूयूआयडी, मग 'आरओ', 'क्वाएट', 'स्प्लॅश' असे शब्द असतात. शेवटी 'इनिटआरडी' ची ओळ येते.

समजा नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर पडदा काळाच राहतो आहे. 'लिनक्स' च्या ओळीवर जाऊन 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे शब्द काढून टाकले, तर कर्नल आपण काय करतो आहोत ते पडद्यावर लिहीत जातो आणि गाडी कुठे अडली ते दिसते. त्याच जागी 'नोमोडसेट' लिहिले तर कर्नल ग्राफिक्सच्या पडद्याची मांडणी स्वतः बदलत नाही आणि बहुतेक वेळा साधा का होईना, पण पडदा मिळतो. कंट्रोल आणि एक्स, किंवा एफ१० दाबले की याच मजकुराने संगणक चालू होतो. डिस्कवर काहीही लिहिले जात नाही, त्यामुळे प्रयोग फसला तर बंद करून पुन्हा चालू करावे, बदल नाहीसा झालेला असतो. प्रयोग जमला तर तेच शब्द 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट' या सेटिंगात कायमचे लिहावेत. तिच्याशी मिळतीजुळती 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स' अशीही एक ओळ फाइलीत असते. पहिलीतील शब्द फक्त नेहमीच्या ओळींना लागू होतात, दुसरीतील शब्द रिकव्हरीच्या ओळींनाही लागतात. म्हणून नवे प्रयोग पहिलीतच करावेत आणि रिकव्हरीची वाट मोकळी ठेवावी.

मेनू दिसतच नसेल तर 'ई' दाबणार कुठे, हा प्रश्न रास्त आहे. यूईएफआय संगणकावर निर्मात्याचे चिन्ह दिसताच एस्केप दाबावे, जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरावे. एस्केप अनेकदा दाबले गेले तर मेनूऐवजी 'ग्रब' असा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर समोर येतो. तिथे 'नॉर्मल' लिहून एंटर दाबावे, म्हणजे ग्रब आपली फाइल पुन्हा वाचतो.

स्वतःची ओळ

'ओएस-प्रोबर' चालू ठेवायचे नसेल आणि विंडोजची ओळ तर हवी असेल, तर ती हाताने '४०_कस्टम' मध्ये लिहावी. या फाइलीची रचना मजेशीर आहे: तिच्या दुसऱ्या ओळीतील कमांड याच फाइलीचा तिसऱ्या ओळीपासून पुढचा मजकूर जसाच्या तसा छापते. म्हणून पहिल्या दोन ओळी हलवू नयेत, आपले लेखन खाली करावे. प्रथम 'मेनूएंट्री' हा शब्द, मग अवतरणचिन्हांत मेनूत दिसावे ते नाव आणि महिरपी कंस. आत चार ओळी. पहिल्या दोन ओळी 'इन्समॉड पार्ट_जीपीटी' आणि 'इन्समॉड फॅट' अशा. तिसरी 'सर्च' ची, तिच्यात ईएफआय पार्टिशनचा यूयूआयडी. फॅट पार्टिशनचा यूयूआयडी आखूड असतो, चार अक्षरे, मध्ये आडवी रेघ आणि पुन्हा चार अक्षरे, आणि तो 'सुडो बीएलकेआयडी' या कमांडने कळतो. चौथी ओळ 'चेनलोडर' या शब्दाने सुरू होते आणि तिच्यापुढे ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट या फोल्डरांतून जाणारा 'बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय' या फाइलीचा पत्ता असतो. विंडोज चालू कसे करायचे हे ग्रबला ठाऊक नसते. तो केवळ विंडोजच्या स्वतःच्या बूटलोडरच्या हाती सूत्रे देऊन बाजूला होतो.

ही ओळ लिनक्सच्याही वर हवी असेल तर फाइलीचे नाव '०९_कस्टम' करावे. तसे केल्यावर शून्य क्रमांक विंडोजकडे जातो, हे 'ग्रब_डिफॉल्ट' ठरवताना विसरू नये. ओळीचे नाव आपल्या आवडीचे देता येते, घरातल्यांना कळावे म्हणून 'विंडोज, टॅलीसाठी' असेसुद्धा. फक्त ते रोमन लिपीत लिहावे. ग्राफिकल पद्धतीने हे सारे करून देणारी साधने उपलब्ध आहेत, परंतु ती 'ग्रब.डी' मधील मूळ स्क्रिप्टची फिरवाफिरव करतात आणि पुढे काही बिघडले तर कोणती ओळ कुणी लिहिली याचा माग लागत नाही. चार ओळी हाताने लिहिणे मी केव्हाही पसंत करीन.

रंगरूपाबद्दल थोडक्यात. 'ग्रब_बॅकग्राउंड' पुढे पीएनजी किंवा साध्या बेसलाइन पद्धतीच्या जेपेग चित्राचा पत्ता लिहिता येतो आणि 'ग्रब_थीम' पुढे थीमच्या फाइलीचा. चित्र 'बूट' मधील 'ग्रब' फोल्डरात ठेवावे, कारण बाकीची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर मेनू दाखवताना ग्रबला ती वाचता येत नाही. अक्षरे फार बारीक दिसत असतील तर 'ग्रब_जीएफएक्समोड' ने रिझोल्यूशन कमी करावे.

पासवर्डची मर्यादा

ज्या 'ई' ची एवढी स्तुती केली, तेच अक्षर प्रयोगशाळेतील किंवा कार्यालयातील संगणकावर डोकेदुखी ठरते, कारण ते दाबून कर्नलच्या ओळीत दोन शब्द वाढवले की पासवर्डशिवाय प्रशासकाचे अधिकार मिळवता येतात. त्यावर ग्रबचा स्वतःचा पासवर्ड आहे. 'ग्रब-एमकेपासडब्ल्यूडी-पीबीकेडीएफ२' ही कमांड आपल्या पासवर्डपासून एक लांबलचक हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड सहज काढता येत नाही अशी अक्षरमाला) तयार करते; 'सुपरयूजर्स' मध्ये एक नाव ठरवून ते नाव आणि हा हॅश '४०_कस्टम' मध्ये लिहावा. मेनूच्या वेळी कीबोर्ड सहसा अमेरिकन मांडणीतच असतो, हे पासवर्ड निवडताना लक्षात ठेवावे. आणखी एक अडचण अशी की, 'सुपरयूजर्स' ठरवताच डेबियन कुटुंबात संगणक नुसता चालू करण्यासाठीही पासवर्ड मागितला जातो. बदलाला बंदी आणि चालू करायला मुभा असे हवे असेल, तर '१०_लिनक्स' स्क्रिप्टमध्ये ओळींचा वर्ग ठरवणाऱ्या 'क्लास' या चलात 'अनरिस्ट्रिक्टेड' हा पर्याय जोडावा लागतो.

या पासवर्डवर किती विसंबावे, याचा निवाडा दोन घटनांनी केला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या तंत्रविद्यापीठातील हेक्टर मार्को आणि इस्माएल रिपोल यांनी दाखवून दिले की, वापरकर्त्याचे नाव विचारले जात असताना बॅकस्पेस ही कळ २८ वेळा दाबली तर ग्रबचा बचाव ढासळतो आणि आपत्कालीन कमांडलाइन मिळते. कारण होते एका चलाची घसरण: शून्याच्या खाली जाऊ नये अशी तपासणीच कोडमध्ये नव्हती. जुलै २०२० मध्ये एक्लिप्सियम या कंपनीने 'बूटहोल' उघडकीस आणले. त्यात शिम, ग्रब आणि कर्नल यांच्यावर सही असली तरी 'ग्रब.सीएफजी' वर ती नसते, आणि ती फाइल वाचतानाच्या चुकीचा फायदा घेऊन सिक्युअर बूट (सही नसलेला प्रोग्रॅम चालू न देणारी फर्मवेअरची सोय) ओलांडता येत होते. दोन्ही चुका दुरुस्त झाल्या आहेत. तरीही यूएसबीवरून दुसरी सिस्टिम चालू करणाऱ्याला किंवा डिस्कच काढून नेणाऱ्याला हा पासवर्ड अडवत नाही. तिथे फर्मवेअरचा पासवर्ड आणि डिस्कचे एन्क्रिप्शनच कामी येते.

फेडोरा वापरणाऱ्यांनी वरील वर्णनात काही बदल करून घ्यावेत. तिथे 'अपडेट-ग्रब' नाही; कमांडीच्या नावात 'ग्रब२' असते आणि उतारा 'बूट' मधील 'ग्रब२' फोल्डरात जातो. २०१९ मधील फेडोरा ३० पासून प्रत्येक कर्नलची ओळ 'लोडर' मधील 'एंट्रीज' फोल्डरात स्वतंत्र छोट्या फाइलीत राहते, आणि कर्नलच्या सूचना बदलण्यासाठी 'ग्रबी' ही कमांड वापरणे श्रेयस्कर. फेडोरा ३४ पासून ईएफआय पार्टिशनमधील 'ग्रब.सीएफजी' ही फक्त खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी दोन-तीन ओळींची चिठ्ठी आहे. जुन्या लेखांत तिच्यावर उतारा लिहिण्याचा सल्ला असतो. तो पाळल्यास ती चिठ्ठी पुसली जाते.

संगणक अडलाच तर

मेनूऐवजी कर्सर समोर आला, तर आधी त्याच्या डावीकडील शब्द वाचावेत. नुसते 'ग्रब' असेल तर ग्रबचे सर्व भाग सापडले आहेत आणि केवळ मेनूची फाइल सापडलेली नाही. 'ग्रब रेस्क्यू' असेल तर त्याला स्वतःचे भागसुद्धा सापडलेले नाहीत. विंडोजमधून लिनक्सचे पार्टिशन पुसल्यावर हमखास हेच दिसते. 'शिम एसबॅट' या शब्दांसह सुरक्षा धोरणाच्या उल्लंघनाचा संदेश आला, तर दोष मेनूचा नसतो. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या सुरक्षा अपडेटने जुने शिम नाकारल्यामुळे अनेक ड्युअल बूट संगणकांवर तो दिसला होता आणि त्यावर शिमची नवी आवृत्ती हा उपाय आहे.

बाकीच्या बहुतेक प्रसंगी ज्या यूएसबीवरून लिनक्स बसवले तीच हाताशी असणे पुरेसे ठरते. तिच्यावरून संगणक चालू करून 'ट्राय' हा पर्याय निवडावा, डिस्कवरील लिनक्सचे मूळ पार्टिशन 'एमएनटी' फोल्डरावर माउंट करावे (म्हणजे जोडावे), 'बूट' वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तेही त्याच्या जागी जोडावे, ईएफआय पार्टिशन त्याच्या आतील 'बूट' मधील 'ईएफआय' वर माउंट करावे, आणि 'डेव्ह', 'प्रॉक' व 'सिस' ही तीन फोल्डरे 'बाइंड' पर्यायाने आत जोडून 'सीएचरूट' करावे. आता टर्मिनल डिस्कवरील लिनक्सच्या आत असते. चूक केवळ सेटिंगांच्या फाइलीत असेल तर काढून ठेवलेली प्रत जागेवर ठेवून 'अपडेट-ग्रब' चालवणे पुरते. ग्रबचे भागच हरवले असतील तर त्याआधी 'ग्रब-इन्स्टॉल' चालवावे लागते: यूईएफआय संगणकावर त्यापुढे डिस्कचे नाव लागत नाही, जुन्या बायोसवर ते द्यावे लागते, आणि तिथे पार्टिशनचा आकडा न जोडता अख्ख्या डिस्कचे नाव द्यायचे असते.